गप्पांचा चढ

त्या किनाऱ्यावर चढ मोजायचं माप एकच होतं, ते म्हणजे भावजींचं तोंड.

भावजी म्हणजे ताईचा नवरा. ताईचा धाकटा भाऊ त्यांना भावजी म्हणायचा, तिला ताई म्हणायचा, आणि दिवसभर तोच मोठ्यानं हाका मारत असल्यामुळे सगळं बंदर त्या दोघांना त्याच नावांनी ओळखायला लागलं होतं. बँकेचे मॅनेजर भावजींपेक्षा वयानं चांगले मोठे, तेही त्यांना भावजीच म्हणायचे. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

तिघांचा मिळून एकच धंदा होता. बाहेरगावचे लोक यायचे, सायकली भाड्यानं घ्यायचे आणि बंदरापासून दीपगृहापर्यंतचा किनारा मुक्काम करत करत पालथा घालायचे. किनारा देखणा, ह्यात वाद नाही. खाली निळं पाणी, वर हिरवे कडे, मधून रस्ता. फक्त हा रस्ता सरळ जायचं नाव घेत नसे. प्रत्येक खाडीपाशी तो पार पाण्यापर्यंत उतरायचा आणि तिथून लगेच परत वर चढायचा. असे चढ एकंदर किती, असं कुणी गिऱ्हाइकानं विचारलं तर ताई सांगायची, "मोजू नका. जेवण जात नाही."

कामाची वाटणी ठरलेली होती. धाकटा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करायचा. ताई गिऱ्हाइकांच्या बॅगा गाडीत घालून पुढच्या मुक्कामी नेऊन टाकायची, खोल्या ठरवायची, फोडांना पट्ट्या लावायची, रडणाऱ्यांची समजूत काढायची. आणि भावजी चढांचं पुस्तक लिहायचे.

हे पुस्तक म्हणजे भावजींचं आयुष्य होतं. त्यात उंची, अंतर, असलं काही फारसं नसायचं. भावजींचं म्हणणं, आकडे काय, आकड्यांना धाप लागत नाही. ते स्वतः सायकलवर बसून चढ चढायचे आणि चढताना मोठमोठ्यानं बोलत राहायचे. विषय कुठलाही चालायचा, पण बहुतेक वेळा नगरपालिकेचा असायचा, कारण तो संपत नाही. वर पोचेपर्यंत वाक्यं पूर्ण होत राहिली तर तो 'गप्पांचा चढ'. नुसतं हो किंवा नाही एवढंच तोंडातून निघालं तर 'हो-नाहीचा चढ'. आणि नगरपालिकेबद्दलसुद्धा काही बोलता आलं नाही तर 'बोलती बंद'. पुस्तकात प्रत्येक चढापुढे तोंडाचं छोटं चित्र असायचं, उघडं, अर्धवट किंवा मिटलेलं. बस्स, तीन तोंडं. पण लोक त्या तोंडांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. मिटलेलं तोंड बघून किती जणांनी वेळीच ताईच्या गाडीत बसून चढ पार केला असेल, त्याला गणती नाही. भावजींच्या शब्दाला त्या किनाऱ्यावर वजन होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. जरा जास्तच माहीत होतं.

मग भावजींच्या हृदयानं दगा दिला. फार मोठा नाही, पण दिला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की सायकल चालवा, अगदी रोज चालवा, मात्र सपाट रस्त्यावर. आता त्या गावात सपाट जागा दोनच, एक धक्का आणि दुसरं दवाखान्याचं वाहनतळ. धक्क्यावर मासेवाले उभं राहू देत नाहीत. तेव्हा भावजी आठवडाभर दवाखान्याच्या वाहनतळावर गोल गोल फिरले. तिथल्या पहारेकऱ्यानं एकदा त्यांना विचारलं, "काका, काही हरवलंय का?" त्या दिवशी ते घरी आले, सायकल शेडमध्ये भिंतीला टेकवली आणि खोलीतल्या खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच.

खुर्ची कपाटाकडे तोंड करून होती. ताईनं ती खिडकीकडे फिरवली. भावजींनी ती परत कपाटाकडे फिरवली, कारण खिडकीतून रस्ता दिसत होता.

ज्या माणसाच्या तोंडाचा पट्टा चढावरही थांबत नसे, तो सपाट फरशीवर गप्प झाला. चहा हवा का, तर मान हलवायची. जेवलात का, तर मान हलवायची. ताई संध्याकाळी गाडी घेऊन परत यायची आणि दारातून त्यांची पाठ दिसली की तिथेच उभी राहायची. हे बघणं तिला सहन होत नव्हतं. नवरा आजारी असता तर तिनं सेवा केली असती, चिडका झाला असता तर ती भांडली असती. पण गप्प नवऱ्याचं करायचं काय, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. "बॅटरीची सायकल चालेल का?"

"उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चढसुद्धा चालतील. पण ते ऐकतील का?"

ऐकणार नव्हतेच. भावजींनी मागच्या आवृत्तीत स्वच्छ लिहून ठेवलं होतं की बॅटरीची सायकल म्हणजे घरी बसायची हिंमत नसलेल्यांनी बाहेर जाऊन बसायची सोय. ते वाक्य लोकांना आवडलं होतं. लोकांना आवडलेलं वाक्य भावजी मागे घेतील, ही आशा नव्हती.

ताई शेडमध्ये गेली. धाकटा एका चाकाच्या तारा ओढत बसला होता.

"भावजींच्या सायकलला मोटार बसवायची," ती म्हणाली.

"ते बसवू देतील?"

"त्यांना कळता कामा नये."

धाकट्यानं चाक बाजूला ठेवलं. "ताई, मोटार आहे ती. स्टिकर नव्हे."

"तू मेकॅनिक आहेस ना? मग लपव."

धाकट्यानं लपवली. मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे तारा जिथे मिळतात त्या मधल्या नळकांड्यात, एक छोटी मोटार बसते, चढ लागला की ती आपोआप थोडा धक्का देते. बॅटरी त्यानं अवजारांच्या डब्यात घातली. सायकलला पाण्याच्या बाटलीसारखा एक डबा लावलेला असतो, त्यात. भावजींना डबा उघडायची सवय नव्हतीच. इतकी वर्षं चढांवर घालवून त्या माणसानं एकदाही साखळी बसवली नव्हती. साखळी पडली की रस्त्याच्या कडेला उभं राहून मेव्हण्याला फोन करायचा, ही त्यांची दुरुस्तीची पद्धत. राहता राहिला आवाज. मोटार बारीक गुणगुणायची, पण भावजी चढावर बोलत असायचे, त्यामुळे ऐकू कुणाला येणार?

"सायकल नीट करून ठेवलीय, एक चक्कर मारून बघा," असं धाकट्यानं सांगितलं, तेव्हा भावजींनी ती उचलून बघितली. "जड लागतेय."

"रिम मजबूत टाकलीय, भावजी. खड्डे वाढलेत."

खड्डे म्हटल्यावर नगरपालिका आली आणि नगरपालिका आल्यावर भावजींना बोलावं लागलं. बोलता बोलता ते सायकलवर बसले आणि बोलता बोलताच मिठाच्या गोदामाच्या चढाला लागले. ताई गाडीच्या आडून बघत होती. ते वर पोचले तरी त्यांचा आवाज खाली येत होता. तिच्या जिवात जीव आला. ती गाडीत जाऊन बसली आणि मनसोक्त रडली. मग बॅगा घेऊन पुढच्या मुक्कामी गेली, कारण बॅगा कुणासाठी थांबत नाहीत.

त्यानंतरचे महिने सोन्याचे गेले. भावजी रोज निघायचे, दुपारी घरी येऊन जेवायचे आणि गाढ झोपायचे. ते झोपले की ताई शेडमध्ये जाऊन डबा उघडायची आणि बॅटरी चार्जिंगला लावायची. उठल्यावर भावजी आपली प्रगती सांगायचे. आज दोन वळणांचा चढ बोलत बोलत चढलो. आज खाडीचा चढ. ह्याचं श्रेय त्यांनी आधी गोळ्यांना दिलं, मग साखर सोडण्याला, आणि मग नीट विचार करून स्वतःला दिलं. ताई सगळ्याला हो म्हणायची. खोटं बोलण्याचं तिला वाईट वाटत होतं, पण नवरा बोलतोय ह्याचं सुख त्याहून मोठं होतं, आणि ती हे सुख रोज चहाबरोबर घेत होती.

घोडं अडलं ते पुस्तकापाशी.

एका सकाळी भावजींनी जाहीर केलं की नवी आवृत्ती काढायची. जुनी सगळी चुकलीय. "इतकी वर्षं मी चढांवर अन्याय करत होतो," ते म्हणाले. "दम माझा कमी होता आणि दोष चढांना दिला. आता पुन्हा सगळे घेतो."

ताईच्या हातातलं अंडं सोलायचं राहिलं.

त्यांनी खरंच पुन्हा सगळे घेतले. एकामागून एक तोंडं उघडत गेली. हो-नाहीचे चढ गप्पांचे झाले, बोलती बंदचे चढ गप्पांचे झाले. शेवटी राहिला तोफेचा चढ. हा बंदराच्या बाहेर, पहिल्या खाडीला लागून. वर एक जुनी तोफ आहे, पण चढून जाणाऱ्याला ती दिसेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. पहिल्या आवृत्तीपासून ह्या चढाचं तोंड मिटलेलं होतं. भावजी तो चढून आले आणि म्हणाले, "गप्पांचा. वर जाऊन पाणीपट्टीवर बोलायचं शिल्लक होतं."

धाकट्यानं ताईला शेडमध्ये गाठलं. "सांगून टाक आता. लोक मरतील."

"सांगितलं तर हे मरतील."

"मग पुस्तक तरी छापू देऊ नकोस."

"कच्ची प्रत आहे. छापायला वेळ आहे. तोवर काहीतरी सुचेल मला."

तिला काही सुचलं नाही. खरं म्हणजे तिनं सुचू दिलं नाही, कारण जे सुचायला हवं होतं ते एकच होतं. आणि भावजींनी तेवढ्यात कच्च्या प्रती काढून पहिल्या गिऱ्हाइकांच्या हातात ठेवल्यासुद्धा. ताईला ते कळलं तेव्हा ती बॅगा घेऊन पुढच्या गावात पोचली होती.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त वकील आणि त्यांची बायको. वकीलसाहेबांचंही हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं. वकील असल्यामुळे त्यांनी पुस्तकातला शब्द न् शब्द वाचला होता. प्रस्तावनेत भावजींनी लिहिलं होतं की माझ्यासारखा आजारातून उठलेला माणूस जिथे गप्पा मारत चढतो, तिथे तुम्ही का नाही? वकीलसाहेबांना हा मुद्दा पटला. ते तोफेच्या चढाला लागले.

अर्ध्यावर त्यांना बायकोनं रस्त्याच्या कडेला गवतात आडवं केलं आणि ताईला फोन केला. ताईनं तिथून गाडी हाणली ती थेट तिथे. वकीलसाहेबांचे ओठ पांढरेफटक झाले होते. दोघींनी मिळून त्यांना बॅगांच्या जागेत झोपवलं आणि दवाखान्यात आणलं.

"त्यांना त्रास होतोय हे तुम्हाला कधी कळलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते बोलायचे थांबले तेव्हा," वकिलांची बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून थांबले नव्हते."

सुदैवानं निभावलं. दोन दिवस झोपून राहावं लागणार होतं, एवढंच. भावजी धावत दवाखान्यात आले तेव्हा वकीलसाहेब उशीला टेकून बसले होते.

"पुस्तकात गप्पांचा लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणून मी बोलत राहिलो. छातीत दुखायला लागलं तरी बोलत राहिलो. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तुम्ही चढलात ना?"

"चढलो. दोनदा."

"मग चूक माझीच."

ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. त्याच क्षणी तिनं बोलायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण समोर दोन आजारी माणसं होती आणि कुणाच्या देखत कुणाला सांगायचं हे ठरेना, म्हणून ती मूग गिळून गप्प बसली. भावजी खाली मान घालून बाहेर गेले. ती वकिलांच्या बायकोची राहायची व्यवस्था करत बसली.

दुकानात परतली तर धाकटा दारातच उभा होता, तोंड उतरलेलं.

"वकीलसाहेबांची सायकल मी चढावरून आणली, तर भावजी ती घेऊन गेले. म्हणाले, सायकलीतच दोष असणार. तीच घेऊन तोफेचा चढ चढून बघतो."

"ती तर साधी सायकल आहे."

"म्हणून तर."

"तू जाऊ दिलंस?"

"मी म्हटलं, चाकात हवा कमी आहे. तर त्यांनी हवा भरून घेतली."

 ताई परत गाडीत बसली. खाडीवरचा पूल, मग मिठाचं गोदाम, मग तोफेच्या चढाचं पहिलं वळण. दुसऱ्या वळणावर भावजी दिसले. पाठीला शर्ट चिकटला होता आणि सायकल रस्त्यावर डावी-उजवीकडे झोकांड्या खात होती. चाक फिरत होतं म्हणायचं इतकंच.

तिनं गाडी त्यांच्या शेजारून घेतली आणि काच खाली केली. "अहो, उतरा."

"बोलतोय... की मी," भावजी म्हणाले.

"काय बोलताय?"

भावजींना विषय सुचेना. "पाणी..." ते म्हणाले. पाणीपट्टी म्हणायचं होतं बहुतेक.

"उतरा म्हणते ना."

"नाही."

त्यांचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. ताईनं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि समोर बघत सांगून टाकलं. "तुमच्या सायकलला मोटार आहे."

"ही... भाड्याची."

"ही नाही. तुमची. मागच्या चाकात. मी धाकट्याला बसवायला लावली. डब्यात अवजारं नाहीत, बॅटरी आहे. तुम्ही झोपलात की मी रोज चार्ज करते. तुम्ही एकही चढ चढला नाहीत, अहो. मोटारीनं चढवलं तुम्हाला. आता देवासाठी उतरा."

पायांना बातमी कळायला जरा वेळ लागला. दोन-तीन पायडल ते मारतच राहिले. मग सायकल थांबली, त्यांनी पाय खाली टेकला, सायकल तशीच गवतात सोडली आणि कठड्यावर जाऊन बसले.

ताईनं गाडी भर रस्त्यात उभी केली आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मागून एक सिलिंडरचा टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, मग कठड्यावरच्या दोघांना बघितलं आणि इंजिन बंद करून विडी पेटवली.

बराच वेळ भावजी फक्त श्वास घेत होते. तो जागेवर आल्यावर त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही खुर्चीतून उठलात त्या दिवसापासून."

"म्हणजे मिठाच्या गोदामाचासुद्धा?"

"तोसुद्धा."

भावजींनी मान हलवली, खुर्चीत असताना हलवायचे तशी.  मग ते म्हणाले, "तो माणूस माझ्या शब्दावर चढला."

"माझ्या खोटेपणावर चढला. तुमचा शब्द मी नासवला. मला लाज वाटते त्याची, खरंच वाटते. पण तुम्ही कपाटाकडे बघत बसायचात ते मला बघवत नव्हतं. मला तुम्ही हवे होतात. चढ गेले खड्ड्यात."

 भावजींनी सायकल उचलून गाडीत टाकली आणि ते पुढच्या सीटवर बसले. आजवर त्या गाडीत ते कधी बसले नव्हते, पट्टा कुठून ओढायचा हे त्यांना शोधावं लागलं. दवाखान्यात जाऊन त्यांनी वकीलसाहेबांना उभ्यानंच सांगितलं, "मी चढलो नव्हतो. सायकलला मोटार होती. मला माहीत नव्हतं, पण पुस्तकावर नाव माझं आहे. तुमच्या जिवाशी खेळ झाला. मला माफ करा."

वकीलसाहेबांनी थोडा विचार केला. "ती सायकल भाड्यानं मिळेल का?" त्यांनी विचारलं.

भावजी हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी कच्च्या प्रती एकेक मोजून परत घेतल्या, शेगडीत घातल्या आणि त्या दिवसापासून ताईशी बोलणं टाकलं.

बाकी सगळ्यांशी ते बोलत होते, हे विशेष. टेम्पोवाल्याशी बोलले, पहारेकऱ्याशी बोलले. जेवताना मेव्हण्याला सांगायचे, "तुझ्या ताईला म्हणावं, पाणी वाढ." ताई समोरच बसलेली असायची. धाकटा बिचारा दोघांच्या मधे बसून निरोप पोचवायचा, आणि एकदा वैतागून म्हणाला, "मला पण मोटार बसवा. किती इकडून तिकडे करू?" त्यावरही कुणी हसलं नाही.

ताईनं सगळं मुकाट्यानं सोसलं. चूक तिची होती. पण रात्रंदिवस तिला एकच धास्ती होती, की हा माणूस आता परत खुर्चीत जाऊन बसणार. आणि एका दुपारी ती बॅगा पोचवून घरी आली तर भावजी खुर्चीत बसलेले. कपाटाकडे तोंड.  ती दाराला धरून उभी राहिली.

"बूट घाल," भावजी म्हणाले. ते स्वतः बूटच घालत होते, वाकून. कित्येक दिवसांनी तिच्याशी थेट बोललेले ते पहिले शब्द होते.

"कशाला?"

"पुस्तक द्यायचंय छापायला. सगळे चढ परत घ्यावे लागतील. माझा दम आता पुरावा म्हणून चालत नाही, वकीलसाहेबांना विचारलं मी. तुझा घेऊ."

"माझा? मी गाडी चालवते."

"इतके दिवस चालवलीस."

बाहेर शेडपुढे दोन सायकली तयार होत्या. एकीची सीट धाकट्यानं ताईच्या उंचीला खाली करून ठेवली होती. दुसरी भावजींची. तिच्या दांडीवर आता एक बटण लावलं होतं, काळंभोर, सगळ्या गावाला दिसेल असं. धाकटा दोघांकडे पाठ करून एक चाक फिरवत बसला होता. ते चाक नीटच होतं.

"लाज नाही वाटणार?" ताईनं बटणाकडे बघत विचारलं.

"वाटतेय," भावजी म्हणाले. "बस."

ताईनं आयुष्यभर तो किनारा काचेतून बघितला होता. कुठल्या वळणावर बॅगा घसरतात, एवढीच तिला चढांची माहिती. मिठाच्या गोदामापाशी रस्ता वर निघाला आणि तिला कळलं की काच असते तेव्हा रस्ता वेगळा असतो. भावजी शेजारून येत होते, मोटार गुणगुणत होती.

"बोलत राहा," ते म्हणाले. "नाहीतर कळणार कसं?"

"काय बोलू?"

"काहीही."

ताईनं खोल्यांचं भाडं कसं वाढलंय ते सांगायला सुरुवात केली. पहिल्या खोलीपर्यंत ठीक चाललं. दुसऱ्या खोलीशी वाक्य तुटलं. गोदामाची भिंत संपायच्या आत तिचा ऊर फुटायची वेळ आली आणि तोंडातून शब्द येईनात.

भावजींनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. "बरं झालं," ते म्हणाले. "आता मी बोलतो. तुला मधे तोंड घालता येणार नाही."

ताई पायडल मारत राहिली.

"मी रागावलोय तुझ्यावर. अजून आहे राग. मोटार बसवलीस म्हणून नाही. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आपण महिना-दोन महिने कडाकडा भांडलो असतो, आणि मग मी हो म्हटलं असतं. मला माहीत आहे मी कसा आहे ते. पण ते भांडण तू मला करू दिलं नाहीस. मला आजारी धरलंस आणि माझ्या वाट्याचं भांडण एकटीनंच करून टाकलंस."

रस्ता वळला. खाली खाडीत दोन होड्या उभ्या होत्या. ताईला त्या दिसल्या नाहीत, डोळ्यांत घाम गेला होता. निदान घामही गेला होता.

"आणि खुर्चीत बसून मी कपाट बघत नव्हतो," भावजी म्हणाले. "तुझी गाडी यायचा आवाज ऐकत बसायचो. तुला गाडी मागे घेता येत नाही. मी मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारतो म्हणून लागते ती. मी गेलो की हिच्या गाडीमागे कोण उभं राहणार, हेच दिवसभर डोक्यात यायचं. मरायचं काही वाटत नव्हतं. ह्याचं वाटायचं. ते तुला सांगायचं कसं ते कळेना, म्हणून गप्प होतो."

ताईला पुष्कळ बोलायचं होतं. मला वाटलं तुम्ही माझ्याकडे पाठ फिरवलीत, हे सांगायचं होतं. रोज दारात उभी राहून मी तुमचे खांदे हलतात का ते बघायची, हे सांगायचं होतं. इतकी वर्षं घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा आणि आज नेमका तिच्याजवळ श्वास नव्हता. तिनं तोंड उघडलं, जेवढी हवा मिळाली तेवढी घेतली.

"हो," ती म्हणाली.

भावजींनी बटण दाबून मोटारीचा जोर कमी केला आणि तिच्या चालीनं तिच्या शेजारून यायला लागले.